वस्तू सांग, वस्तू

“हातात दे माझ्या,” असं म्हणून बाई तळहात पुढे करायच्या. समोरचं पोर ‘उपकार’ या शब्दाचा अर्थ आठवत ताटकळलेलं असायचं आणि बाई खडू मागावा तशा हात पसरून थांबायच्या. “अर्थ राहू दे. वस्तू सांग, वस्तू. नुसता शब्द काय, उडून जातो.”

तीर्थपुरीच्या शाळेत त्या मराठी शिकवत आणि मी भूगोल. शिकवणाऱ्या प्रत्येकाची एक खोड असते, तुम्हीही पाहिली असेल. बाई फळ्यावर बादली, विळा, संयम, रेडकू, सौजन्य असे शब्द लिहायच्या, पुसून टाकायच्या आणि काय आठवतं ते विचारायच्या. बादली, विळा, रेडकू पोरांना लगेच सापडायचं. संयम आणि सौजन्य खडूच्या भुकटीबरोबर खाली पडलेले असायचे.

“रेडकू डोळ्यांपुढं उभं राहतं, म्हणून ध्यानात राहतं,” बाई म्हणायच्या. “मंग संयमालाही काहीतरी द्या.” एका मुलीने संयमाला विरजण दिलं. हलवायचं न्हाई, म्हणाली.

एकदा माझ्या तासाला तपासणीला आलेल्या साहेबांनी स्वातंत्र्य म्हणजे काय, असं विचारलं. उत्तर आलं, “सोडलेलं दावं.” साहेब माझ्याकडे बघू लागले. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघू लागलो.

मधल्या सुट्टीत आमच्याकडे एक रीत होती. डबा उघडला की झाकण शेजारच्यापुढे सरकवायचं. त्याने आपल्यातलं थोडं त्यावर वाढायचं, मगच खायचं. गणिताच्या मॅडमच्या डाव्या हाताला बाई बसत. दोघींचं इतकं जमायचं की कोणती भाजी कोणाच्या घरची, हे आम्हाला कळत नसे.

मग बाईंच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. मॅडम मुलाकडच्यांना काहीतरी बोलल्या, असं बाईंच्या कानावर आलं. मॅडम नाही म्हणत राहिल्या. खरं काय ते मला आजही माहीत नाही. त्या दिवसापासून बाईंनी मॅडमच्या झाकणावर काही वाढलं नाही. मुलीचं पुढे चांगल्या घरी लग्न झालं, तरी निवृत्त होईपर्यंत दोघी शेजारी बसून आपापलं खात राहिल्या. मला दोघींचाही राग यायचा. चांगली चाललेली पंगत नासवली होती.

एकदा मी छेडलं, “बाई, रागाची वस्तू कोणती हो?”

“सर, भाकर खा तुम्ही. वाळून राह्यली.”

पुढे बाई लेकीकडे नवीन जालन्यात राहायला गेल्या. तिथे त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. वाचा हळूहळू परत येऊ लागली, पण तिच्यातून वस्तूच तेवढ्या आल्या. कप, चष्मा, उशी. डोळ्यांना न दिसणारा एकही शब्द येईना. त्यासाठी ओठ नुसते हलायचे.

मी बाईंना बघायला जाणार हे मॅडमना कळलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, “सर, मी येऊ का तुमच्यासंगं? बाईंनी एकदा माफ केलं म्हणावं, एवढंच पायजे मला.”

आम्ही गेलो तेव्हा बाई डाव्या हाताने मऊ खिचडी खात होत्या. मॅडम पलंगाशी बसल्या. “बाई, मी तसं काही बोलले नव्हते हो. तुमच्या मनात अजून असंल तर सांगा.”

बाईंचे ओठ हलले. काहीच येईना. कपाळाला घाम आला. लेक पाणी घेऊन पुढे झाली, तर तिला त्यांनी बाजूला सारलं. मग एकदम म्हणाल्या, “झाकण.”

लेकीने खिचडीवर झाकायला ताटली आणली. बाईंनी नाही अशी मान हलवली आणि मॅडमपुढे तळहात पसरला. तसाच, वर्गात पसरायच्या तसा. “झाकण.”

मॅडमच्या पिशवीत वाटेत खायला आणलेला डबा होता. त्यांनी त्याचं झाकण काढून पुढे धरलं. बाईंनी चमचाभर खिचडी त्यावर वाढली. निम्मी चादरीवर सांडली. उरलेली मॅडमनी तिथेच रडत रडत खाल्ली. माझेही डोळे भरून आले.

बाई जाऊन आता वर्ष होत आलं. परवा आम्ही जुने शिक्षक राजूरला गणपतीला गेलो होतो. दर्शन झाल्यावर झाडाखाली डबे सोडले. मॅडमनी झाकण काढलं आणि बोलता बोलता डावीकडे सरकवलं. तिथे कोणी नव्हतं. त्यांचा हात झाकणावर तसाच राहिला.

मी उजवीकडे बसलो होतो. उठलो, पलीकडे जाऊन बसलो आणि माझी वांग्याची भाजी त्यावर वाढली.