पाहुण्यांसमोरची पिशवी

मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळी अकरा. हजर: सासरे, सासूबाई, लघवीची नळी बदलायला आलेल्या सिस्टर आणि मी. नवरा न्हावा शेव्याला, ड्यूटीवर.

सासऱ्यांना नळी बसवून सात महिने झाले होते. गेल्या दोन महिन्यांत दोनदा नळी तुंबली, दोन्ही वेळा थंडी वाजून ताप. आता पुन्हा ताप चढला तर दाखल करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फ्रिजवर माझी यादी होती: हात धुणे, पाणी किती प्यायले, नळी पिशवीपासून सोडवायची नाही, पिशवी कमरेच्या खाली. रोजच्या खुणा पूर्ण. त्यामुळे दोष नळीचाच, असं मी धरून चालले होते.

सिस्टरनी काढलेली नळी उजेडात धरली. टोकाला पांढरं, खरखरीत, आतून बुळबुळीत.

"हा त मिठागरातला थर हाय," सासरे म्हणाले. त्यांची हयात मिठागरात गेली.

"तसाच, बाबा. जंतू असा थर करून बसले की औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही. थर धरू द्यायचा नाही." मग यादी वाचून त्यांनी विचारलं, "पाहुणे आले की पिशवी कुठे असते?"

"खालीच," मी म्हणाले. सासूबाई पदर सारखा करू लागल्या.

"गादीवं, गोधडीखाली," सासरेच बोलले. "मंग काय, लोकांना मूत दाखवू?"

"मीच ठेवते वर," सासूबाई म्हणाल्या. "यांचे एक मित्र येतात उरणहून, दर रविवारी. दोन तास बसतात."

"दोन तास ती लघवी जंतूंसकट उलटी आत जाते, आजी."

रविवारी दुपारी मी पळस्प्याला आईकडे असते. त्या दिवसाच्या खुणा संध्याकाळी आल्यावर एकदम करत होते, कोणाला न विचारता.

सिस्टरनी सुचवल्याप्रमाणे सासूबाईंनी जुन्या पडद्याची खोळ शिवली. पिशवी त्यात घालून पलंगाच्या कडेला खाली अडकवली. सासऱ्यांनी ती पाहिली. "आत काय हाय ते त्याला कळनार नाय? त्याला सांग, येऊ नको."

त्यांना भेटायला दुसरं कोणी येत नाही.

आज शनिवार. 'मित्राला फोन' असं यादीत लिहिलंय. येऊ नका म्हणायचं, की या आणि खाली बघू नका म्हणायचं, ते ठरत नाही. सासरे विचारत नाहीत. फोन अजून केलेला नाही.