उपरण्याखालचा आकडा

लोणखेड्याच्या भटूने चाळीस वर्षं जनावरांची दलाली केली. पण त्याच्या तोंडून भाव असा कोणी ऐकला नाही. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहिले की भटू खांद्यावरचं उपरणं काढायचा, एकाचा हात त्याखाली धरायचा आणि बोटं दाबायचा. मग दुसऱ्याचा हात. बोटांतच भाव चढायचा, बोटांतच उतरायचा. भोवती पन्नास माणसं असली तरी आकडा त्या दोघांचा आणि तिसऱ्या भटूचा. नड असलेल्या माणसाने किती खाली उतरून जनावर दिलं, हे गावाला कधी कळायचं नाही. म्हणून तर लोक त्याच्या उपरण्याखाली हात घालत.

सारंगखेड्याच्या यात्रेत धर्मेंद्र पाटलांची पांढरी घोडी त्याने तीन दिवस फिरवली. तापीपलीकडची, गुजरातची, कुठली कुठली गिऱ्हाइकं आणली. शेवटी सुरतेकडच्या गोपालशेठचा आणि धर्मेंद्रचा आकडा जुळला. धर्मेंद्र म्हणाला, "घरी इचारीसन सांगस." आठ दिवसांनी गोपालशेठची गाडी थेट धर्मेंद्रच्या वाड्याशी लागली आणि घोडी गेली. भटूला कळलं ते चहाच्या टपरीवर.

दलाली मागायला गेला तर धर्मेंद्र ओट्यावरून उठलासुद्धा नाही. "यात्रामा सौदा तुटना व्हता, भटूभाऊ. घरना सौदामा तुम्ही कोठे व्हतात?"

हा प्रश्न भटूच्या जिव्हारी लागला. घोडी त्याने विकली होती, आणि त्याला कोणी विचारत होतं की तू कुठे होतास. तो शहाद्याच्या कोर्टात गेला.

तीन वर्षं तारखा पडल्या. बायको फुलवंताबाई दर तारखेला भाकरी बांधून द्यायची. अखेर भटूच्या साक्षीचा दिवस आला. त्याच्या वकीलबाई गायत्री यांनी पायरीवरच त्याला समजावलं, "काका, यात्रेत ठरलेला आकडा आज बोला. पुढच्या तारखेला गोपालशेठ किती दिले ते सांगेल. दोन्ही जुळले की सौदा तुमचाच ठरतो. एवढंच करा."

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर न्यायाधीशसाहेबांनी तेच विचारलं, "बाबा, भाव किती ठरला होता?"

भटूने कठड्यावर हात टेकले. आकडा त्याच्या बोटांत अजून जिवंत होता.

"सायेब, तो आकडा मन्हा एकलाना नही शे."

"मग कोणाचा आहे?"

"दोन हातना शे. त्या दोन्ही जण सांग म्हनतीन तव्हय सांगता येस." मग तो धर्मेंद्रकडे वळला. खांद्यावरचं उपरणं काढून त्याने हातावर पसरलं. "धर्मेंद्रभाऊ, तुम्हना हात द्या. मी तुम्हले सांगस. खोटा ऱ्हायना तर सायेबले सांगी द्या."

मागे बसलेली माणसं माना उंचावून पाहू लागली. धर्मेंद्रने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तिथेच धरून ठेवले.

"कोर्टात असं चालत नाही," साहेब हळूच म्हणाले. त्यांनी आणखी दोनदा विचारलं. भटूने उपरणं घडी करून खांद्यावर टाकलं.

सौदा भटूने घडवून आणल्याचं सिद्ध होत नाही, असा निकाल लागला. वकीलबाईंनी तो त्याला पायरीवरच वाचून दाखवला.

घरी फुलवंताबाईने चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "मले तरी सांगा, कितला व्हता?"

"तुले घोडी लेनी शे का?" भटू म्हणाला. ती हसली नाही. तोही नाही. ती उठली आणि त्याच्यासाठी पाणी घेऊन आली.

त्या साली यात्रेला जाऊ नये असं त्याला वाटत होतं. दलाल नाही असं कागदावर लिहिलेला माणूस कोणत्या तोंडाने बाजारात उभा राहील? तरी सवयीने पाय निघाले. बैलांच्या रांगेच्या टोकाशी तो एकटाच बसून राहिला. उन्हं कलली तेव्हा कोरीटचा सुकराम एका बैलाची दोरी धरून समोर आला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"कोर्टमा बी तुम्ही आकडा बोलनात नही म्हने?"

"बैल दखाड पहिले."

सुकरामने आधी आजूबाजूला पाहिलं. मग त्याने हात पुढे केला.

भटूने उपरणं काढलं. सुकरामच्या बोटांनी जो आकडा सांगितला तो फार लहान होता. भटूने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. उपरणं नीट सारखं केलं आणि गिऱ्हाईक शोधायला उठला.