घड्याळाला पटेपर्यंत

हृदयात स्टेंट बसवून मी डोंबिवलीच्या घरी परतले, तेव्हा मुलाने दोन वस्तू आणून ठेवल्या: जागच्या जागी चालवायची सायकल आणि ठोके नि व्यायाम मोजणारं मनगटी घड्याळ. सोबत एक अट होती. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम मी रोज करतेय हे त्याला ठाण्यात बसून फोनवर दिसलं, तर मी इथे एकटी राहायचं. नाही दिसलं, तर घराला कुलूप लावून त्याच्याकडे जायचं, एकविसाव्या मजल्यावर. सून चांगली आहे, मुलगा लाखात एक. पण हे गेल्यावर ज्या घरात मी स्वतःच्या हिमतीवर राहिले, ते मला सोडायचं नव्हतं. अट मान्य केली. पाय तर माझेच होते, मग भ्यायचं कशाला?

पहिल्याच सकाळी खिडकीशी सायकल मारत होते, घामाने निथळत होते आणि मनगट थरथरलं. घड्याळावर संदेश: तुम्ही बराच वेळ बसून आहात, जरा उठा. असा संताप आला म्हणून सांगू! नंतर पोळ्या लाटायला घेतल्या तर स्वारी खूश. लाटणं पुढे-मागे होईल तशी त्याने माझी पावलं मोजली आणि छान चाललात म्हणून पाठही थोपटली.

त्यात मुलाचा फोन रोज नेमका मी सायकलवर असतानाच यायचा.

"अगं आई, आज पण सायकल नाही केलीस?"

"सायकलवर बसूनच बोलतेय रे."

"ॲपमध्ये काहीच दिसत नाहीये. उगाच खोटं कशाला बोलतेस?"

आयुष्यभर शाळेत पोरांचं खरं-खोटं निवडलं मी, आणि आता एका रबरी पट्ट्यापुढे माझा शब्द खोटा ठरत होता. फोन ठेवल्यावर डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच.

आमची इमारत ज्यांच्या भातशेतावर उभी आहे, त्या घरातली सून माझी शेजारीण. तिने उपाय सुचवला.

"काकू, कशाला डोक्याला ताप? दोन पोल्या जास्ती लाट. पोरगा खूस, तू पन खूस."

हसू आलं, क्षणभर मोहही झाला. पण लाटण्याच्या जिवावर मला माझ्या घरात राहायचं नव्हतं. मी सायकल चालवते, तर सायकलच दिसली पाहिजे. इरेलाच पेटले.

चष्मा लावून घड्याळाची एकेक खाचखोच शोधली. सायकलवर हात दांड्यावर स्थिर असतात, त्यामुळे त्या बापड्याला काही कळत नाही. सुरू करण्याआधी त्याला 'घरातली सायकल' असं निवडून द्यावं लागतं, उतरल्यावर थांबवावं लागतं. तसं केलं. व्यायाम उमटला, पण ठोके भलतेच, मध्येच गायब, मध्येच आकाशाला भिडलेले. गळ्याशी बोटं ठेवून नाडी मोजायला हॉस्पिटलात शिकवलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजली. मेळ बसेना.

मग एकदा पाटली मागे सारताना लक्षात आलं. कॉलेजपासून मी घड्याळ आम्हा बायकांच्या पद्धतीने घालते, तबकडी आतल्या बाजूला आणि पट्टा बांगडीसारखा सैल. पाटली त्यावर आपटायची, घड्याळ हातभर फिरायचं, ठोके मोजणारा त्याच्या पोटातला दिवा कातडीवर टिकणार कसा? पाटली उजव्या हातात गेली. घड्याळ मनगटाच्या हाडावर सरकवलं, तबकडी बाहेर, पट्टा घट्ट. हात परक्या पुरुषाचा वाटला. पण सायकल मारताना गळ्याशी आणि मनगटावर एकच आकडा आला. घरात एकटीच "जमलं!" म्हणून ओरडले.

पुढच्या रविवारी मुलगा आला. फोनवरचे आलेख बघून आधी खुलला, मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सायकल दिसतेय. पण आई, रोज मध्येच ठोके एकदम वर जातायत. डॉक्टरांनी सांगितलेल्यापेक्षा वर. असं असेल तर तू एकटी..."

एवढा आटापिटा करून खरं ते दाखवलं, आणि तेच माझ्यावर उलटत होतं. मी त्याच्या हातातला फोन घेतला आणि ठोके उसळल्याची वेळ पाहिली.

"आता ह्याच फोनमध्ये बघ, तू मला कधी फोन केला होतास."

त्याने ताडून पाहिलं. एक दिवस, दुसरा, तिसरा. प्रत्येक उसळीला त्याचाच फोन होता.

"माझा फोन आला की एवढं होतं तुला?"

"होतं रे. आज पुन्हा खोटं ठरवशील आणि घर जाईल, अशी भीती वाटते."

त्याने आलेख बंद केला आणि म्हणाला, "उद्यापासून तुझी सायकल झाल्यावर फोन करेन."

दुसऱ्या दिवशी रेघ कुठेही उसळली नाही. मी घाम पुसून चहा टाकला, तेव्हा त्याचा फोन आला. सायकलचं त्याने विचारलंच नाही. विचारलं, "आई, आज भाजी काय करणारेस?"