वीतभर वाढलेली उडी

च्या घ्या आदी. माझ्या मिशीच्या जागेकडं बघून हसायचं आसंल तर हसून घ्या, मग सांगतो. आसला येडेपणा अख्ख्या कुंडलात कुणी केला नसंल.

मिलिट्रीतनं रिटायर होऊन गावी आलो, तवा शाळेनं पोरींची फुटबॉल टीम माझ्या गळ्यात मारली. का, तर मी तालमीत वाढलेला गडी. फुटबॉलातलं मला काय कळतंय? पण मांडीत ताकद आसली की माणूस उडतो, एवढं ठाऊक. म्हणून पोरींना रोज दोनशे बैठका.

कप्तान सारिका म्हणाली, "तात्या, पुस्तकात उड्यांचा सराव दिलाय. नुसत्या बैठकांनी उडी वाढत न्हाई."

"पुस्तक लिवणारा कवा तालमीत आलाय का?"

मोजमाप पायजे म्हणून पोरींची बोटं गेरूत बुडवली आणि शाळेच्या भिंतीपाशी उड्या मारायला लावल्या. बोटं लागली तिथं नाव लिवलं. मी पण उडालो. आमच्या बायकोनं, हौसानं, गंमत म्हणून टाचा उचलून खूण केली. मग आठ दिस मेव्हण्याकडं कोयनानगरला गेलो.

आलो ते थेट भिंतीपाशी. पोरी उडवल्या, तर प्रत्येकीची खूण वीतभर वर!

"तात्या, पायाखाली बघा की जरा—" सारिका म्हणाली.

"खाली बघायचं न्हाई, वर बघायचं," मी दटावलं.

मी उडालो. छप्पन्न वर्षांचा मी, माझी पण खूण वीतभर वर. च्या घेऊन आलेल्या हौसाची बोटं तर टाचा न उचलताच जुन्या खुणेच्या वर गेली.

"आवं, मी एक बैठक मारली न्हाई," ती म्हणाली.

"माझ्या घरात ऱ्हातीस न्हवं? ताकद पसरती." आणि मला ते खरंच पटलं हुतं.

मग काय, जीभ सुटली. पारावर सांगून टाकलं, येत्या सामन्यात पाचगणीच्या टीमनं डोक्यानं एक जरी गोल केला तर मिशी उतरवीन. सायबानं सांगूनसुद्धा कातरली न्हवती आसली मिशी हुती ती.

सामन्याच्या सकाळी आणखी जोर यावा म्हणून पोरींकडनं तीनशे बैठका घेतल्या.

पहिला कॉर्नर आला. पाचगणीची पोर आरामात उडाली, डोकं लावलं, गोल. आमच्या पोरी जमिनीवर उभ्या राहून वरनं जाणारा बॉल बघत हुत्या. आसे सहा गोल झाले.

"सारिका, उड की गं," मी लायनीवरनं वरडलो.

"बैठकांनी मांड्या भरून आल्यात, गाडीतनं उतरताना दोघींनी धरलंय मला, तात्या. उडू कुठनं?"

पोरींच्या डोळ्यांत पाणी बघून लय वाईट वाटलं. पण वाढलेली उडी गेली कुठं? घरी येऊन हौसाला तेच विचारलं.

"मुरमावरच ऱ्हायली आसंल," ती म्हणाली.

"कसला मुरूम?"

"भिंतीपाशी पोरी चिखलात घसरत्यात, एक ट्रॉली पसर, आसं पुतण्याला तुमीच सांगून गेला न्हवं कोयनेला?"

सांगितलं हुतं खरं. तसाच शाळेत जाऊन मुरूम उकरून बघितला. बरोबर वीतभर भरला.

मिशी उतरवली, पोरींची माफी मागितली. आता सारिका पुस्तक बघून सराव घेती आणि मी गेरू कालवतो.

काल फळीवरचा डबा काढायला गेलो, तर हात पुरंना. टाचा उचलल्या, एक उडी पण मारून बघितली. मागनं हौसा शांतपणी म्हणाली, "थांबा, ट्रॉली बोलावते."