सगळ्यांचे इंटरनेट माझ्या संगणकातून

मित्रमैत्रिणींनो, दुपारपासून मन अस्वस्थ आहे, म्हणून लिहिते आहे.

शेलूबाजारच्या आमच्या अभ्यासिकेतला राऊटर जळाला. काल मी माझ्या एका जुन्या संगणकात दुसरे नेटवर्क कार्ड बसवून त्यालाच राऊटर केले. आता बाकीच्या संगणकांना इंटरनेट त्याच्यातूनच मिळते. 'सगळ्यांची माहिती आता या संगणकातून जाते,' असे मी उत्साहाने समजावून सांगितले. हेच वाक्य गावभर फिरले.

आज सकाळी कुणीच इंटरनेट सुरू केले नाही. दुपारी माझी मैत्रीण अश्विनी हिचे वडील आले. ती इथेच आतल्या खोलीत बसून भरतीच्या परीक्षेची तयारी करते.

"बाई, तुले सगळ्याइचं दिसते म्हणे. आमची पोरगी दिवसभर काय पाह्यते, तेवढं सांग."

"काका, कोणी कोणती साइट उघडली त्याची नोंद ठेवता येते. पण मी ठेवत नाही."

"येते ना? मंग काहून नाही ठेवत? दोघी मिळून आहा काय तुमी?"

नोंदीची सोय बंद असल्याचे मी त्यांना दाखवले. ते पडद्याकडे नव्हे, माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"उद्यापासून घरीच अभ्यास कर म्हण तिले," एवढे बोलून ते निघून गेले. अश्विनीच्या घरी इंटरनेट नाही, आणि घरातला एकमेव फोन वडिलांच्याच खिशात असतो.

हे आतून ऐकून अश्विनीने पुस्तके पिशवीत भरली. दाराशी थांबून तिने हळूच विचारले, "खरंच नाही ना पाह्यलं तू?"

आपण पाहिले नाही, हे मैत्रिणीला कसे पटवून द्यावे? तुम्हाला ठाऊक असेल, तर कृपया सांगा.