सदतीस डिग्री आणि बाबांचा तळहात

मी सेल बायॉलॉजीत पीएच.डी. केलेली बाई. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी उठून जाणारी मीच. तरीही हे लिहितेय... कारण त्या दुपारी जे दिसलं ते मला एकटीला दिसलं नव्हतं.

आम्ही भिलाईला, पोलाद कारखान्याच्या सेक्टर ६ मधल्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे, ब्लास्ट फर्नेसमधून रिटायर झालेले. मी सुपेल्याच्या पुढे एका संस्थेत रिसर्च करत होते. संध्याकाळी स्कूटर लावली की व्हरांड्यातून बाबांचा प्रश्न ठरलेला — "आज जगल्या काय तुह्या पेशी?" आठवीपर्यंत शिकलेला माणूस, पण चहा निवेपर्यंत माझं सगळं ऐकून घ्यायचा. तसं ऐकणारं पुन्हा कोणी भेटलं नाही.

तिसऱ्या वर्षी मात्र चार महिने पेशी मरतच राहिल्या. गाइड म्हणाले, "तुझ्या हातातच दोष आहे. पुढच्या प्रेझेंटेशनला डेटा नसेल तर दुसरं काहीतरी बघ." मी मनातून सोडलंच होतं.

त्या रविवारी घरचे सगळे आत्याच्या मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, भंडाऱ्याला गेले. मी लॅबमध्ये. दुपारी दोनच्या सुमारास पेशी उबेत वाढवायचा इन्क्युबेटर उघडून प्लेट्स बघत होते, मान वळवली तर मागे बाबा!

"बाबा? गाडी चुकली काय?"

ते नुसते हसले. पुढे आले आणि इन्क्युबेटरच्या आतल्या काचेवर तळहात ठेवला.

"वैशू, हे जास्त तपून राहिलं."

"नाही न बाबा, सदतीसच हाये. आकडा पाहा न."

"आकड्याले काय समजते? मोजून पाह्य."

मी आतल्या खोलीतून थर्मामीटर घेऊन आले, तर बाबा नाहीत. माझी लॅबमेट श्वेता म्हणाली, "अंकल तो चले गए. मैंने पानी पूछा, पिया भी नहीं."

तरी थर्मामीटर आत ठेवला आणि अर्ध्या तासानं बघितला — साडेएकोणचाळीस! डिस्प्लेवर मात्र सदतीसच. सेन्सर बिघडलेला होता; चार महिने पेशी त्या उष्णतेनंच मरत होत्या.

मी आईला फोन लावला. "आई, बाबा कधी निघाले तिथून?"

"निघाले? अवं, ते तं सकाळपासून माह्यासंगंच हायेत. आता पंगतीत बसले."

मी फोन बाबांकडे द्यायला सांगितलं. बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मंग... निघालं काय जास्त?"

"हो."

"बरं झालं."

सेन्सर बदलला, पेशी वाढल्या, थेसिस झाला. डिफेन्सच्या तोंडी परीक्षेला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं विचारलं, "डिस्प्ले ठीक होता, मग थर्मामीटर लावायचं सुचलं कसं?"

मी बाबांकडे बघितलं. "असंच, सर."

परत येताना स्कूटरवर मागून बाबा म्हणाले, "खरं कावून नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुमालेच मालूम नाही."

"हव," ते म्हणाले. "मले तं काहीच नाही समजलं."

आता बाबा नाहीत. श्वेता भेटली की आजही शपथेवर सांगते — अंकल आले होते. मी दरवर्षी नव्या मुलांना सांगते की प्रत्येक निकालाला कारण असतं, आणि दरवर्षी ते वाक्य बोलताना क्षणभर अडखळते. त्या दुपारचं कारण मला अजून सापडलेलं नाही. सापडलं असतं तर आधी बाबांनाच सांगितलं असतं... त्यांना फार उत्सुकता होती.