वीस मोजेपर्यंत

मंगळवार पेठेत यज्ञेश्वरपंत बावडेकरांना संशयी म्हणायचे, आणि त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं. घरचं मांजर जरा जास्त लाडात आलं, की हा गृहस्थ आधी दुधाचं पातेलं बघून यायचा. शेजाऱ्यानं हसून नमस्कार केला तर दिवसभर डोकं खाजवायचा, की ह्याला माझ्याकडून नक्की हवंय काय? त्यांची बायको श्यामलाबाई हिनं लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच हुज्जत घालणं सोडलं होतं. 'बरं' म्हणायची आणि आपल्या कामाला लागायची.

दोष द्यायचाच तर थोडा नोकरीला द्या. तीस वर्षं पंत जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढत होते. बांधावरून भांडणारे सख्खे भाऊ त्यांच्या टेबलासमोर देवाशपथ सांगायचे, आणि दोघांच्या शपथांत चार हातांचं अंतर निघायचं. रोज उठून असलं ऐकल्यावर माणूस भोळा राहील कसा? पण पंतांची रेघ म्हणजे रेघ. शाईनं एकदा ओढली की खाली कुणी खाडाखोड शोधून दाखवावी. पंचाहत्तरच्या दिवाळीनंतर मात्र त्यांचा टाक नीट चालेना. पंतांनी ठरवून टाकलं, की ह्या वेळची निबंच हलकी आली आहेत. साहेबांनी शाईचं काम दुसऱ्या कारकुनाकडे देऊन त्यांना तपासणीला बसवलं, तर त्यातही पंतांना डाव दिसला.

जगात विश्वासाचा माणूस एकच, असं ते स्वतःच सांगायचे. तो म्हणजे नेमगोंडा मगदूम. गडमुडशिंगीचा जैन शेतकरी, लक्ष्मीपुरीत दोरखंडाचं दुकान, पंतांपेक्षा सहा वर्षांनी लहान. बोलणं मोजकं आणि आवाज मोठा. दोघांची गाठ कॅरमनं घातली होती. पेठांमधल्या आठ मंडळांची लीग दर रविवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये चालायची, आणि जोडीच्या सामन्यात पंत आणि नेमगोंडा एकोणीस वर्षं एकमेकांसमोर बसत आले होते. सहा वेळा विजेत्याची ढाल आणली होती. पंत म्हणायचे, बायकोच्या मनातलं मला कळत नाही, पण नेमगोंडा कुठली सोंगटी घेणार ते तो हात उचलायच्या आधी कळतं.

नेमगोंडा दिवस बुडाल्यावर जेवत नसे. घरातली रीतच तशी. म्हणून राजमती, त्याची बायको, रविवारी त्याच्या सायकलला डबा बांधून द्यायची. सामना पाचला सुरू व्हायचा, ही जोडी पाऊण तासात समोरच्यांना गुंडाळायची, आणि नेमगोंडा शाळेच्या व्हरांड्यात बसून उजेडात जेवायचा. पंत शेजारी बसून सामन्याची उजळणी करायचे. इतकी वर्षं ह्यात खंड पडला नव्हता.

शहात्तरच्या संक्रांतीनंतर नेमगोंडा संथ खेळायला लागला.

संथ म्हणजे किती? स्ट्रायकर मांडायचा, परत उचलायचा. धोतराच्या सोग्यानं पुसायचा. मान वाकडी करून कोपऱ्याकडे बघायचा. पावडर टाकायला सांगायचा, टाकली की जास्त झाली म्हणून पुसायला सांगायचा. समोरच्या मंडळाची माणसं जांभया द्यायला लागली. कुणीतरी मागून म्हणालं, "मगदूम, ऊस लावून आला असता तर एव्हाना तुटला असता." नेमगोंडा हसला आणि पुन्हा मान वाकडी करून बसला.

पंतांनी पहिला रविवार सोडून दिला. दुसऱ्या रविवारी घड्याळ मनगटावरून काढून मांडीवर ठेवलं आणि खिशातल्या वहीत वेळ टिपायला सुरुवात केली. सत्तेचाळीस सेकंद. एक मिनिट दहा. एकदा तर पावणेदोन मिनिटं, आणि तेही एका सोप्या सोंगटीसाठी, जी शेवटी त्यानं घेतलीच नाही. भोकाच्या तोंडाशी नेऊन सोडून दिली. पंतांच्या पाळीला ती समोर आयती पडली होती, आणि पंतांनी ती घेतलीही. पण म्हणून काय झालं? एकोणीस वर्षांत ह्या माणसानं असली सोंगटी सोडली नव्हती. आता का सोडतोय?

त्या दिवशी सामना संपला तेव्हा बाहेर अंधार पडला होता. नेमगोंडा नळावर हात धुवायला गेला, तेवढ्यात पंतांनी सायकलला बांधलेला डबा उचलून बघितला. आता दुसऱ्याचा डबा उचलून बघणं ही काय भल्या माणसाची लक्षणं आहेत का? पण बघितला. डबा जड होता. भाकरी, भाजी, सगळं जसंच्या तसं. पुढच्या रविवारीही जड, त्याच्या पुढच्याही.

आता पंतांच्या डोक्यात चक्र फिरू लागलं. दिवस बुडाला की हा जेवणार नाही. तरी मुद्दाम संथ खेळतो. म्हणजे ह्याला भुकेची चिंता नाही. म्हणजे हा आधीच कुठंतरी जेवून येतो. कुणाकडे? सामन्याआधी ह्याला जेवू घालणारं कोण आहे, आणि का? असं एकेक पाऊल टाकत पंत नको तिथं जाऊन पोचले. वाटेत एक सरळ उत्तर होतं, की माणूस उपाशी राहत असेल. ते मात्र त्यांना शिवलंसुद्धा नाही.

त्यात सायकलस्टँडपाशी नेमगोंडा आणि बाळासो बोलताना दिसले. बाळासो म्हणजे शनिवार पेठेतल्या मंडळाचा कप्तान, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस, आणि पंतांचा जुना प्रतिस्पर्धी. पंत जवळ गेले तसे दोघंही गप्प झाले. बाळासोनं उगीचच हवेचा विषय काढला. रात्री जेवताना ते श्यामलाबाईंना म्हणाले, "नेमगोंडा फुटला."

"नेमगोंडाभाऊजी?" श्यामलाबाई म्हणाल्या. नेहमीचं 'बरं' त्यांच्या तोंडून आलं नाही. "तुम्ही एकदा त्यांना विचारा तरी."

"चोराला विचारून चोरी सापडते का?"

पंत लीगचे चिटणीस होते. त्यांनी कमिटीची बैठक बोलावली आणि नवा नियम मांडला. पाळी आली की पंचानं एक ते वीस आकडे मोठ्यानं मोजायचे. विसाच्या आत स्ट्रायकर सुटला नाही, तर पाळी गेली. इतर मंडळांनी माना डोलावल्या, कारण संथ खेळणाऱ्यांना सगळेच कंटाळले होते. विरोधात दोनच हात वर झाले. एक नेमगोंडाचा, दुसरा बाळासोचा.

"पंत, परत इचार करा," बाळासो म्हणाला. "ह्यो नियम कुणाला तरी लागंल."

"ज्याला लागायचा त्यालाच लागू दे," पंत म्हणाले, आणि नेमगोंडाकडे रोखून बघितलं. नेमगोंडानं नजर खाली घातली. पंतांना आणखी कुठला पुरावा हवा होता?

अंतिम सामना मार्चच्या शेवटच्या रविवारी होता, बाळासोच्याच मंडळाशी. पंच होते आकाराम, शाळेचे ड्रिल मास्तर, आकडे मोजायला आवाज अगदी खणखणीत. पहिल्याच बोर्डात नेमगोंडानं पंतांना तोंडात बोट घालायला लावलं. आकाराम पाचापर्यंत यायचे, की ह्याची सोंगटी भोकात. राणी घेतली तीही सहा आकड्यांत. म्हणजे येत होतं तर ह्याला. मग अडीच महिने काय सोंग चाललं होतं? पंतांना आनंदही झाला आणि संतापही आला. नियमानं बरोबर चोर पकडला होता.

पण नेमगोंडा झटपट खेळला की पुढचा गडी खेळायचा आणि लगेच पाळी पंतांवर यायची. पंतांनी स्ट्रायकर मांडला. आकाराम म्हणाले, एक, दोन, तीन. पंतांचं बोट स्ट्रायकरला टेकलं आणि स्ट्रायकर रेघेवरून सरकला. पुन्हा मांडला. आठ, नऊ. बोट थांबेना. त्यांनी मनगट डाव्या हातानं धरलं, सोडलं, आणि अकराला मारलं. स्ट्रायकर सोंगट्यांना न लागताच समोरच्या भोकात गेला. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. पुढच्या पाळीला तेच. तिसऱ्या पाळीला पंत मांडत राहिले, मांडत राहिले, आणि आकाराम "वीस" म्हणाले. म्हणताना त्यांचा खणखणीत आवाज पार बसला होता.

त्यांच्याच नियमानं त्यांची पाळी गेली. तशी चार वेळा गेली. ढाल बाळासोच्या मंडळानं नेली.

इथं तरी माणसानं स्वतःच्या हाताकडे बघावं की नाही? पंतांनी आधी पावडर बघितली, मग बोर्ड डावीकडे कलता आहे का ते बघितलं, आणि मग भर हॉलमध्ये उभे राहून नेमगोंडाला विचारलं, "कुणाच्या पंगतीला जेवून येतोस रे रविवारी? बाळासोच्या?"

बाळासो काहीतरी बोलायला पुढं झाला. नेमगोंडानं हातानं त्याला थांबवलं. मग त्यानं सगळ्या सोंगट्या गोळा करून डबीत भरल्या, बोर्ड भिंतीला लावला, आणि सायकल काढून निघून गेला. एकोणीस वर्षांत तो पंतांना सोडून एकटा पहिल्यांदाच गेला.

तीन दिवस पंतांना अन्न गोड लागलं नाही. नेमगोंडा गेला तर त्यांच्याजवळ राहिलंच कोण होतं? पण मनातला वकील गप्प बसेना. तो म्हणे, खोटा होता म्हणूनच पळाला. शेवटी बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पंत गडमुडशिंगीला गेले, समोरासमोर वदवून घ्यायला.

नेमगोंडा शेतावर गेला होता. राजमतीनं पंतांना सोप्यात बसायला घोंगडं टाकलं, पाणी दिलं, चुलीवर आधण ठेवलं. बोलली मात्र कमीच. चहा घेऊन आली, तर कप अर्धाच भरलेला. पंतांचं डोकं सटकलं. म्हणजे आता इथवर मजल गेली. ज्या घरात इतकी वर्षं मान मिळाला, तिथं अर्धा कप चहा.

"वहिनी, दूध कमी पडलं का?" त्यांनी जरा लागेल अशाच सुरात विचारलं.

राजमतीनं त्यांच्याकडे बघितलं. बाई स्वभावानं गरीब, पण बोलायला लागली की गाडीला ब्रेक नाही. "दूध लई हाय, भावजी. भरल्याला कप तुमच्या हातात ऱ्हात न्हाय. सांडला की तुमास्नी वंगाळ वाटतंय. म्हणून ह्यांनी सांगून ठेवलंय, अर्धा द्यायचा आन् परत अर्धा द्यायचा."

पंतांनी कपाकडे बघितलं. अर्ध्या कपातला चहाही काठाला लागत होता.

"तुमी ह्यांना कुणाच्या पंगतीला जेवतोस म्हणालासा," राजमती म्हणाली. "संक्रांतीपास्नं दर आयतवारी माणूस उपाशी झोपलाय. मी म्हणायची, बिगीनं खेळा की आन् जेवून घ्या. तर म्हणत्यात, मी बिगीनं खेळलो तर पंतांची पाळी लगीच येती. एकदा मारलं की त्येंचा हात थरथरतोय, निवायला येळ लागतोय. मी बोर्डाकडं बघत बसतो, तवर त्यो थांबतोय. सोपी सोंगटी असली तर ती बी तुमच्यासाठी ठेवत्यात. त्या बाळासोला सायकलपाशी सगळं सांगितलं हुतं, आन् नियम हुऊ नये म्हणून त्येच्या हातापाया पडून आलं हुतं. नियम झाला तवा म्हणालं, आता पंतांची पाळी यायच्या आत हुतील तेवढ्या सोंगट्या मीच घेऊन टाकतो."

गेले चार महिने घरी श्यामला चहा कपबशीत न देता मोठ्या पेल्यात देत होती. साहेबांनी शाईचं काम काढून घेताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. आकारामांचा आवाज बसला होता. म्हणजे सगळ्यांना दिसत होतं. सगळ्या गावाला दिसत होतं, आणि लोकांच्या खोडी शोधत फिरणाऱ्या ह्या एका माणसाला तेवढं दिसलं नव्हतं. पंतांना इतकी लाज वाटली, की कप खाली ठेवायचंही सुचेना.

नेमगोंडा आला तेव्हा उन्हं कलली होती. खांद्यावरचं खोरं त्यानं दाराआड ठेवलं. पंतांना बघून तो थबकला, मग नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "कवा आलासा, पंत?" आणि समोर बसला. राजमतीच्या तोंडाकडे बघून त्याला काय ते कळलं असावं.

"नियम मी रद्द करायला लावतो," पंत म्हणाले.

"नगं. नियम बरा हाय. लोकं खरंच लई येळ लावत्यात."

"मी तुला भर हॉलमध्ये नाही ते बोललो."

"बोललासा."

पंतांना रडू आलं होतं, पण त्यातही एक गोष्ट त्यांना खुपत होती, आणि ती विचारल्याशिवाय त्यांच्यानं राहवेना. "तू मला सांगितलं का नाहीस? इतकी वर्षं समोर बसतोस. सरळ सांगायचंस, पंत, तुमचा हात थरथरतोय."

नेमगोंडा बराच वेळ अंगणाकडे बघत बसला. इथं मोजायला कुणी नव्हतं. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तुमास्नी काय वाटलं असतं? नेमगोंडाला दुसरा जोडीदार गावलाय, आता मला उठवायला बघतोय."

तसं कसं वाटेल, असं म्हणायला पंतांनी तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. त्यांना भर हॉलमध्ये घेतलेलं बाळासोचं नाव आठवलं, खिशातली वही आठवली.

"वाटलं असतं," ते म्हणाले.

"व्हय," नेमगोंडा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. दिवस बुडायला आला होता, म्हणून तो हात धुवायला उठला.